भाकिताच्या प्रयोगाचे साहित्य घरी बनवावे. पण ते विकतच्यासारखे दिसू देऊ नये

आपला प्रश्न असा आहे : "मेंटॅलिझममधील भाकिताच्या प्रयोगांसाठी लागणारे साहित्य घरी बनवता येते का? सुरुवात कशापासून करावी, आणि ते विकतच्या साहित्याइतके सफाईदार दिसावे यासाठी काय करावे?"

मेंटॅलिझम म्हणजे मन वाचल्याचा किंवा पुढचे आधीच ओळखल्याचा आभास निर्माण करणारी जादू. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे कोणीही देऊ शकेल. मी लिहायला बसलो तो तिसऱ्या प्रश्नामुळे, कारण याच मुद्द्यावर एका ज्येष्ठ जादूगारांशी माझा अनेक वर्षे वाद होता आणि माझ्या बाजूने तो अजून मिटलेला नाही. आमच्या अभ्यासगटात आम्ही सगळे त्यांना सर म्हणत असू. त्यांचे मत असे होते की घरी केलेले साहित्य हौशी माणसाने घरातच ठेवावे. रंगमंचावर यायचे तर कारागिराकडून बनवून घेतलेली, रोगण दिलेली, पितळी बिजागऱ्यांची वस्तूच हवी. माझे मत तेव्हाही उलट होते आणि आजही उलटच आहे. भाकिताच्या प्रयोगात साहित्य सफाईदार दिसणे हा गुण नसून दोष आहे.

ज्या प्रसंगामुळे हा वाद पेटला, तो येथे सांगतो. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो आणि साठ-सत्तर प्रेक्षकांसमोर माझा पहिला स्वतंत्र कार्यक्रम होता. शेवटचा प्रयोग डब्यात डबा असलेल्या भाकिताचा होता. एक मोठा पुठ्ठ्याचा डबा कार्यक्रमाच्या सुरुवातीपासून सर्वांच्या नजरेसमोर मेजावर ठेवलेला असे. त्याच्या आत पत्र्याची डबी, तिच्यात आणखी एक लहान डबी आणि तिच्यात रबरबँडने तोंड बांधलेली कापडी पिशवी. तीन प्रेक्षकांनी मनाने निवडलेला एक रंग, एक संख्या आणि एक गाव मोठ्याने सांगायचे आणि मग त्या पिशवीतून निघालेल्या चिठ्ठीवर तेच तिन्ही शब्द लिहिलेले असायचे. जाणकारांना यातील रचना ठाऊक असते : बाहेरच्या डब्याच्या मागच्या बाजूने एक चपटी नळी, जिला आम्ही स्लाइड म्हणतो, थेट आतल्या पिशवीच्या तोंडापर्यंत उतरलेली असते. चिठ्ठी नळीत सोडायची आणि नळी ओढून काढायची, की रबरबँडच्या ताणाने आतली सगळी झाकणे आपोआप मिटतात.

चिठ्ठी लिहिण्याचे काम पडद्यामागे बसलेल्या माझ्या धाकट्या बहिणीकडे होते. उत्तरे ऐकून ती चिठ्ठी लिहायची, घडी घालायची आणि डब्याला बांधलेली दोरी कापण्यासाठी मी कात्री मागितली की तबकात कात्रीखाली ती चिठ्ठी ठेवून आणून द्यायची. कात्रीबरोबर चिठ्ठी माझ्या तळहातात, डबा पुढे घेताना बोटे त्याच्या मागे, चिठ्ठी नळीत, आणि नळी मेजाच्या मागे लावलेल्या पिशवीत. ही नळी मी स्वतः एका जुन्या डब्याचा पत्रा कापून, वाकवून बनवली होती आणि मला तिचा फार अभिमान होता.

त्या दिवशी चिठ्ठी नळीत अडकली. नळी ओढताना ती नेहमीपेक्षा किंचित जड लागली, तेव्हाच पोटात गोळा आला. चिठ्ठी नळीबरोबर बाहेर निघून मेजामागच्या पिशवीत जाऊन पडली होती आणि सर्वांत आतली कापडी पिशवी रिकामी होती. यानंतर मी जे केले त्याचा कधी सराव केलेला नव्हता. बाहेरचा डबा उघडून झाल्यावर तो मागे ठेवण्याच्या निमित्ताने मी हात मेजामागे नेला, पिशवी चाचपली, चिठ्ठी दोन बोटांच्या मागे दाबून धरली आणि आतल्या डब्या सावकाश, एकेक, प्रेक्षकांना दाखवत उघडल्या. शेवटी कापडी पिशवीच्या तोंडात बोटे घातली आणि तीच चिठ्ठी जणू तिच्यातून ओढून काढली. टाळ्या पडल्या. बहीण पडद्यामागे रडायच्या बेतात होती, हे मला नंतर कळले.

सरांना अर्थातच सगळे दिसले होते. कार्यक्रम संपल्यावर ते एवढेच म्हणाले, "घरी केलेल्या वस्तूची हीच गत होते. पुढच्या वेळी चांगला डबा घे, नाहीतर हा प्रयोग करू नकोस." हे वाक्य त्यांनी पुढे अनेक नवख्यांसमोर माझे उदाहरण देऊन सांगितले आणि मला ते प्रत्येक वेळी लागले. मी त्यांना तेव्हा उत्तर दिले नाही, ते येथे देतो.

पुठ्ठ्याचा किंवा पत्र्याचा काहीही दोष नव्हता. मी नळीची चाचणी पातळ, कोऱ्या, सुट्या कागदाच्या घडीने घेत असे आणि त्या दिवशी बहिणीने चिठ्ठी सुटू नये म्हणून तिला चिकटपट्टी लावली होती. पट्टीची कडा पत्र्याच्या आतल्या खरखरीत काठाला अडकली. ज्या चिठ्ठीने प्रयोग करायचा, त्याच चिठ्ठीने मी एकदाही सराव केला नव्हता. हा निष्काळजीपणा रोगण दिलेल्या डब्यातही तसाच नडला असता. दुसऱ्याच दिवशी मी नळीचे काठ आतून-बाहेरून पॉलिश पेपरने घासले, आतल्या बाजूला गुळगुळीत चिकटपट्टी लावली आणि चिठ्ठीची घडी एका नाण्याभोवती घालू लागलो, जेणेकरून ती वजनाने खाली जाईल. नाण्याचा पत्र्यावर आवाज होतो म्हणून आतल्या कापडी पिशवीला आतून जाड कापडाचे अस्तर दिले. चिठ्ठीत नाणे का, असे कोणी विचारीत नाही; उलट चिठ्ठी उघडणाऱ्या प्रेक्षकाला ते मी बक्षीस म्हणून देऊन टाकतो. तेव्हापासून ती नळी एकदाही अडकलेली नाही.

दुसरी गोष्ट सरांनी कधी लक्षातच घेतली नाही. त्यांचा स्वतःचा भाकिताचा डबा फार देखणा होता, आणि एका कार्यक्रमात तीन वेगवेगळ्या प्रेक्षकांनी "तो डबा आधी आम्हाला दाखवा" असे म्हटलेले मी स्वतः मोजले आहे. माझा पुठ्ठ्याचा डबा आजपर्यंत कोणीही तपासायला मागितलेला नाही. जी वस्तू प्रेक्षकाने आयुष्यात केवळ जादूगाराच्या हातातच पाहिली आहे, तिच्याकडे तो जादूगाराची वस्तू म्हणूनच पाहणार. आणि जी त्याच्या स्वतःच्या कपाटात पडलेली असते, तिच्याकडे तो पाहतच नाही. थिओडोर ॲनमन (१९०७–१९४२) या अमेरिकन मेंटॅलिस्टचे गाजलेले बरेचसे प्रयोग चिठ्ठी, लिफाफा आणि पेन्सिल यांवरच उभे होते, ते याच कारणासाठी असे मी समजतो. याउलट, ९ सप्टेंबर २००९ रोजी डेरेन ब्राउन या ब्रिटिश मेंटॅलिस्टनी ब्रिटनच्या राष्ट्रीय लॉटरीच्या आकड्यांचे भाकीत दूरचित्रवाणीवर केले आणि भाकिताचे आकडे लिहिलेले आपले चेंडू सोडत झाल्यावर वळवून दाखवले, तेव्हा त्यानंतरची बरीचशी चर्चा कॅमेऱ्याच्या युक्तीभोवतीच फिरली. प्रेक्षकाला यंत्र दिसले की तो आधी यंत्रावर संशय घेतो.

आता आपल्या प्रश्नाकडे वळतो. सुरुवात नेलरायटरपासून, म्हणजे नखावर बसवून गुपचूप लिहिण्याच्या लहानशा साधनापासून करावी. मऊ शिशाचा, ४बी किंवा त्याहून काळा, लहानसा तुकडा पारदर्शक प्लॅस्टिकच्या नखाएवढ्या पट्टीवर चिकटवावा आणि ती पट्टी दुहेरी चिकटपट्टीने अंगठ्याच्या नखावर अशी बसवावी की शिशाचे टोक नखाच्या कडेबाहेर केवळ निसटते दिसेल. ज्या हातात कार्ड धराल, त्याच हाताचा अंगठा लिहितो. कार्डावरचा बाकीचा मजकूरही त्याच जातीच्या शिशाने आधी लिहून ठेवावा आणि संख्येपुरती रिकामी चौकट सोडावी. शाईच्या मजकुरात शिशाची एकच संख्या दिसली की डोळस प्रेक्षक लगेच हसतो. लिहिल्याचा आव आणून पेन्सिल सर्वांदेखत खिशात ठेवावी, मग प्रेक्षकाला संख्या विचारावी आणि त्यानंतर लिहावे. इंग्रजी अंकांतले 1, 4 आणि 7 पहिल्या दिवशीच जमतात. 3, 5 आणि 8 यांना काही आठवडे द्यावे लागतात, आणि तेवढे न देता जे प्रेक्षकांसमोर जातात त्यांच्याबद्दल मला सहानुभूती नाही.

याच्याच जोडीला खिडकीचा लिफाफा बनवता येतो. साध्या अपारदर्शक लिफाफ्याच्या मागच्या बाजूला अंगठा मावेल एवढे भोक पाडावे आणि कार्ड असे आत घालावे की त्यावरची रिकामी चौकट भोकातून अंगठ्याला लागेल. प्रेक्षकाला दिसते ते एवढेच की भाकीत आधीपासून बंद लिफाफ्यात आहे. कार्ड बाहेर काढताना भोक स्वतःकडे ठेवावे आणि रिकामा लिफाफा सहजपणे चुरगाळून बाजूला टाकावा. भोकाच्या कडा सरळ कापाव्यात. फाटलेल्या कडेत अंगठा हमखास अडकतो.

ज्यांना हातचलाखी नको असेल त्यांनी संख्यांचा तक्ता करावा, त्यासाठी कागदाखेरीज काहीच लागत नाही. आडव्या ओळींसाठी ३, ८, १, ६ आणि उभ्या ओळींसाठी ५, १२, २, ९ असे आठ गुप्त आकडे मी घेतो. प्रत्येक घरात त्या त्या आडव्या आणि उभ्या आकड्याची बेरीज लिहितो. त्यामुळे पहिली ओळ ८, १५, ५, १२ अशी, दुसरी १३, २०, १०, १७ अशी, तिसरी ६, १३, ३, १० अशी आणि चौथी ११, १८, ८, १५ अशी होते. प्रेक्षकाने कोणतेही घर निवडावे आणि त्या घराची आडवी व उभी ओळ खोडावी, मग उरलेल्यांतून पुन्हा निवडावे, असे चार वेळा. प्रत्येक आडव्या आणि उभ्या ओळीतून एकेकच घर निवडले जात असल्याने चार संख्यांची बेरीज आठही गुप्त आकड्यांची बेरीज असते, म्हणजे नेहमी ४६. आठ आकडे बदलले की हवी ती बेरीज मिळते. बेरीज कोणाच्या वयाइतकी येईल असे केले तर प्रयोग त्या व्यक्तीचा स्वतःचा होऊन जातो. एकाच प्रेक्षकवर्गापुढे तो दुसऱ्यांदा मात्र करू नये.

वर्तुळ, अधिकचिन्ह, तीन नागमोडी रेषा, चौकोन आणि तारा ही झेनर कार्डांवरची, म्हणजे अतींद्रिय शक्तीच्या चाचण्यांसाठी बनवलेल्या कार्डांवरची, पाच चिन्हे घेऊन अनेक शेवटांचा प्रयोगही घरी सहज बांधता येतो : एक चिन्ह लिफाफ्याच्या मागे, एक कार्डाच्या पाठीवर, एक लिफाफ्यातील वेगळ्या चिठ्ठीवर, एक पेन्सिलीवर कोरलेले आणि एक आपल्या घड्याळाच्या पट्ट्याखाली. प्रेक्षक जे निवडेल तेवढेच उघडायचे आणि बाकीची चार कोणाच्या नजरेस न पडता बाजूला जातील अशी व्यवस्था करायची. कठीण भाग चिन्हे लपवण्याचा नसून नंतर आवरण्याचा आहे, आणि नवखे नेमके त्याचाच सराव करीत नाहीत. लिफाफा हातात मागणारा प्रेक्षक प्रत्येक कार्यक्रमात एक तरी असतो.

सफाईबद्दल बोलायचे तर आतून हवी तेवढी सफाई करावी : काठ घासावेत, सांधे मजबूत करावेत, डिंक पूर्ण वाळू द्यावा, नळीत पेन्सिलचे शिसे घासावे. बाहेरून मात्र वस्तू रोजच्या वापरातली दिसू द्यावी. थोडी मळलेली असली तर अधिक चांगले. सर ज्याला गबाळेपणा म्हणत असत, ते माझ्या लेखी उत्तम आवरण आहे.

काही इशारे खरे तर आधीच द्यायला हवे होते. पत्रा कापताना हातमोजे घालावेत. माझ्या डाव्या हाताच्या तर्जनीवरील व्रण त्या पहिल्या नळीचाच आहे. नेलरायटर नखावर कायमच्या चिकटणाऱ्या गोंदाने बसवू नये. येथील बहुतेक युक्त्या या विद्येच्या जुन्या पुस्तकांत छापलेल्या आहेत, त्यामुळे रहस्यभेद केल्याचा आरोप मी मनावर घेणार नाही. आणि एखादा प्रेक्षक कार्यक्रमानंतर बाजूला घेऊन "माझ्या मुलाचे पुढे काय होईल ते सांगा" असे विचारू लागला, तर ही युक्ती आहे हे त्याला तेथल्या तेथे स्पष्ट सांगावे. मी एकदा ते हसण्यावारी नेले होते आणि त्या बाई दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या, त्यांच्या मुलाची पत्रिका घेऊन.

एका बाबतीत मात्र सरांचे म्हणणे मी मान्य करतो : हजारभर प्रेक्षकांच्या सभागृहात शेवटच्या रांगेला पुठ्ठ्याचा डबा आणि नखाने लिहिलेली संख्या दिसत नाही, तेथे मोठे आणि मजबूत साहित्य लागते. तसल्या सभागृहात मी स्वतः प्रयोग केलेला नाही. आपण प्रश्नात साठ-सत्तर माणसांची बैठक की हजारांचे सभागृह ते लिहिलेले नाही; बैठक असेल तर आज रात्रीच एक लिफाफा आणि कटर घेऊन बसावे.