चालत्या ट्रकच्या कॅमेऱ्याचा थेट व्हिडिओ मागच्या गाडीला दाखवायला कोणता प्रोटोकॉल घ्यावा? आरटीएमपी (थेट व्हिडिओ पाठवायचा एक प्रोटोकॉल) चालेल का?

ओव्हरटेक करणाऱ्याला ट्रकपुढचा रस्ता दाखवायचा, हा तुमचा हेतू असेल तर आरटीएमपी नको. ते टीसीपीवर, म्हणजे सगळा डेटा क्रमाने पोचवणाऱ्या प्रोटोकॉलवर चालतं, आणि टीसीपीत एक पॅकेट (डेटाचा छोटा तुकडा) हरवलं की ते पुन्हा येईपर्यंत मागची सगळी खोळंबतात. क्रिकेट बघताना हे खपून जातं. इथे दोन्ही बाजूंनी ताशी ८० किमी धरलं तर अंतर सेकंदाला ४४ मीटरने घटतं. चित्र अर्धा सेकंद शिळं असेल तर समोरची बस दिसते त्यापेक्षा २२ मीटर जवळ आलेली असते. त्यापेक्षा स्क्रीन काळी पडलेली परवडली.

म्हणून यूडीपीवर (हा हरवलेल्या पॅकेटसाठी थांबत नाही) आरटीपी, म्हणजे थेट चित्र-आवाजासाठीचा प्रोटोकॉल घ्या, आणि उशिरा आलेली फ्रेम सरळ फेकून द्या. उशीर किती झाला हे कळायला मात्र दोन्ही गाड्यांची घड्याळं जीपीएसवर लावलेली हवीत. आरटीपीचा टाइमस्टॅम्प (पॅकेटवरचा वेळेचा शिक्का) कुठल्याही आकड्यापासून सुरू होतो. त्याची खऱ्या वेळेशी सांगड आरटीसीपी या आरटीपीच्या जोडप्रोटोकॉलच्या सेंडर रिपोर्टमधून मिळते. हा भाग बरेच जण गाळतात.

व्हिडिओ दाबून लहान करणाऱ्या एन्कोडरकडेही बघा. २ एमबीपीएस आणि सेकंदाला २५ फ्रेम म्हणजे सरासरी १० केबीची फ्रेम, सात-आठ पॅकेटं. की-फ्रेम (इतर फ्रेमवर न विसंबणारं पूर्ण चित्र) याच्या कितीतरी पट मोठी. तिचं एक पॅकेट गेलं तरी पुढची की-फ्रेम येईपर्यंत चित्र फाटलेलं राहू शकतं. एच.२६४ या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये इंट्रा रिफ्रेश (पूर्ण चित्र एकदम न पाठवता तुकड्या-तुकड्याने ताजं करणं) चालू करा, पुढच्या फ्रेमची वाट बघायला लावणाऱ्या बी-फ्रेम बंद ठेवा.

खालच्या थराला साधं वायफाय नको, जोडणी जुळेपर्यंत गाडी निघून जाते. ८०२.११पी (२०१०) या गाड्यांसाठीच्या वायफायमध्ये आधी जोडणी करावीच लागत नाही. पण १० मेगाहर्ट्झच्या चॅनेलवर सहसा ६ एमबीपीएसच मिळतात, तेही सगळ्यांत वाटून, आणि ब्रॉडकास्टला (सगळ्यांना एकदम पाठवण्याला) पोच नसते. मागे एकच गाडी असेल तर युनिकास्ट करा, म्हणजे फक्त तिलाच पाठवा. सी-व्ही२एक्स, म्हणजे मोबाइल तंत्रावरच्या गाड्यांच्या संपर्काच्या साइडलिंकमध्ये (टॉवरशिवाय थेट गाडी-गाडीत) पोच आली ती त्या मानकाच्या रिलीज १६ पासून, २०२० साली.

पोर्तुगालमधल्या पोर्तो विद्यापीठाच्या मंडळींनी २०१० च्या सुमारास हीच कल्पना डीएसआरसीवर (गाड्यांमधला जवळच्या पल्ल्याचा रेडिओ) मांडली होती. सॅमसंगने २०१५ मध्ये अर्जेंटिनात ट्रकच्या पाठीवरच पडदे लावून दाखवले. गाडी-गाडीत नेटवर्कची भानगडच नाही! मला तो मार्ग जास्त शहाणपणाचा वाटतो.

तुम्हाला नेटवर्कनेच करायचं असेल तर अँटेना केबिनच्या टपावर ठेवू नका. ५.९ गिगाहर्ट्झला मधला पत्र्याचा कंटेनर आडवा येतो, ती ट्रकच्या मागच्या टोकाला हवी. पण रस्त्यावर जाण्याआधी दोन लॅपटॉपवर जीस्ट्रीमर हे व्हिडिओ पाठवायचं सॉफ्टवेअर लावा, लिनक्सच्या नेटेमने (खराब नेटवर्कची नक्कल करणारं साधन) ५ टक्के पॅकेटं पाडा आणि चित्र किती वेळात सावरतं ते बघा.