पीएनजीचा जेपीजी केला की लोगोमागे काळा चौकोन का येतो?

पारदर्शक पीएनजी लोगो जेपीजी केल्यावर मागे काळं येतं आणि परत पीएनजी केला तरी जात नाही, असं तुम्ही विचारलंय.

जेपीजीत पारदर्शकता साठवायची सोयच नाही. पीएनजीत लाल, हिरवा, निळा या तीन आकड्यांच्या जोडीला प्रत्येक पिक्सेलला चौथा आकडा असू शकतो, तो अल्फा. 0 म्हणजे पूर्ण आरपार, 255 म्हणजे पूर्ण भरीव. गंमत अशी की आरपार पिक्सेललाही स्वतःचा रंग असतो, फक्त तो दिसत नाही. बऱ्याचदा तिथे 0, 0, 0 म्हणजे काळाच लिहिलेला असतो. कन्व्हर्टरने अल्फा नुसता काढून टाकला की हा दडलेला काळा उघडा पडतो. आणि एकदा गेलेला अल्फा परत पीएनजी करून येत नाही, म्हणून मूळ फाइल कृपया जपून ठेवा.

अल्फा काढून टाकण्याआधी लोगो पांढऱ्यावर बसवून घ्यायचा. गिम्प या चित्रं संपादनाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये बॅकग्राउंड रंग पांढरा ठेवून 'फ्लॅटन इमेज' करा, म्हणजे आरपार जागा त्या रंगाने भरून जाते. पायथनमध्ये पिलो ही चित्रं हाताळायची लायब्ररी वापरत असाल तर थेट आरजीबीत, म्हणजे फक्त लाल, हिरवा, निळा यात, बदलू नका, तिथे अल्फा सरळ फेकला जातो. आधी आरजीबीए, म्हणजे तेच तीन रंग अधिक अल्फा, करा, तेवढ्याच मापाचं पांढरं चित्र बनवा, त्यावर लोगो पेस्ट करा आणि मास्क (कुठे किती रंग चढवायचा ते ठरवणारं चित्र) म्हणूनही तोच लोगो द्या. मास्क द्यायचा राहिला तर पुन्हा काळंच!

खरी कसोटी कडांची. समजा कडेचा पिक्सेल लाल आहे, 255, 0, 0, आणि अल्फा 128. पांढऱ्यावर नीट मिसळला तर तो साधारण 255, 127, 127 असा गुलाबी होतो आणि कड मऊ दिसते. अल्फा नुसता फेकला तर तो भडक लाल राहतो आणि गोलाई दातेरी होते. पण हाच गुलाबी पिक्सेल उद्या भगव्या बॅनरवर ठेवलात तर लोगोभोवती फिकट किनार दिसेल. म्हणून लोगो ज्या रंगावर जाणार, त्याच रंगावर फ्लॅटन करा.

गिफच्या वाटेला जाऊ नका, त्यात पिक्सेल एकतर आरपार नाहीतर भरीव, मधलं काही नाही. वेबसाइटसाठी हवं असेल तर वेबपी हा फाइलप्रकार घ्या, त्यात फाइल लहान होऊनही अल्फा टिकतो. ऑनलाइन अर्जात सही वगैरे जेपीजीतच मागतात, तिथे मात्र डोळे झाकून पांढरा.