अमेरिकेत रायफलची काडतुसं घरी भरायची आहेत. कमी खर्चात सुरुवातीला काय घ्यावं?

प्रेस, म्हणजे काडतूस दाबून घडवायचं यंत्र, सिंगल-स्टेजच घ्या. एका वेळी एकच काम होतं, वेळ जातो, पण चूक लगेच दिसते. आरसीबीएस किंवा ली या कंपन्यांचा जुना, ओतीव लोखंडाचा प्रेस कुणी विकत असेल तर खुशाल घ्या; ही धुडं सहसा झिजत नाहीत. डाय, म्हणजे प्रेसमध्ये बसणारे साचे, मात्र आपल्याच कॅलिबरचे हवेत.

काटकसर करायची नाही ती तराजूवर. बंदुकीची दारू ग्रेनमध्ये मोजतात, आणि एका ग्रॅममध्ये साधारण १५.४ ग्रेन! स्वस्त डिजिटल काटा भरकटतो, त्यापेक्षा साधा बीम तराजू आणि तपासायला वजनं बरी. लांबी मोजायला कॅलिपरही हवाच: .३०८ विंचेस्टर काडतुसाची पुंगळी (पितळी कवच) २.०१५ इंचांच्या वर गेली की छाटायची.

पुंगळीला वंगण लावताना मी कंजुषी केली होती. पहिल्याच संध्याकाळी ती डायमध्ये अशी रुतली की ड्रिलने भोक पाडून, बोल्ट आवळून उपटावी लागली.

या सगळ्याआधी ताजं रिलोडिंग मॅन्युअल घ्या. दारूचं माप त्यातलंच, मित्राने सांगितलेलं नाही.

आणि हो, भारतात हे करू नका. शस्त्र कायदा, १९५९ नुसार परवान्याशिवाय काडतुसं बनवणं गुन्हा आहे.