चकमकच म्हणा!

प्रश्न : लढाऊ विमानांच्या बातम्यांत 'रूल्स ऑफ एंगेजमेंट' ऐकू येतं. एका वाहिनीवर त्याचं 'प्रतिबद्धतेचे नियम' केलं होतं. ते बरोबर आहे का?

नाही. महिनाभरात चौथ्यांदा हे कानावर पडतंय. वैमानिक कुणाला बांधील आहे हा इथे प्रश्नच नाही. कुणावर, कधी, कुठवर जाऊन मारा करायचा, एवढाच मुद्दा आहे. साखरपुडा, नेमणूक हे अर्थ सगळ्यांना ठाऊक आहेत, ते सोडतो. लष्करात एंगेजमेंट म्हणजे चकमक. चकमकीचे नियम म्हणा नि मोकळे व्हा. कुणी 'संघर्षनियम' सुचवतात, पण संघर्ष काय, सोसायटीच्या पार्किंगवरूनही होतो!

चकमक हा अस्सल तुर्की शब्द. तुर्कीत 'चाकमाक' म्हणजे ठिणगी पाडणं. सिगारेटच्या लायटरलाही तिथे आजतागायत चाकमाकच म्हणतात. माझ्या आजोबांच्या चंचीत तंबाखूशेजारी चकमक असे : गारगोटीचा तुकडा, पोलादाची पट्टी आणि चिमूटभर कापूस. शब्द 'चमकणे'वरून आला असं सांगणाऱ्या पंडितांनी ती एकदा हातात घ्यायला हवी होती. मराठीत चमक कधी झडत नाही, चकमक झडते. का? ठिणग्या झडतात म्हणून! माझ्या मते या एका क्रियापदापुढे त्यांची सगळी व्युत्पत्ती निकालात निघते.

तर ठिणगी कुठे पाडायची नाही, हे ते नियम सांगतात. व्हिएतनाममध्ये १९६५ साली बॉम्बफेक सुरू झाली, तेव्हा उत्तर व्हिएतनामच्या मिग लढाऊ विमानांच्या तळांवर हल्ल्याला बंदी होती. अमेरिकी वैमानिकांना खाली उभी मिग दिसत, पण हात लावता येत नसे. ती मुभा मिळाली एप्रिल १९६७ मध्ये. कारगिलमध्ये उलटं. २६ मे १९९९ ला हवाई दल उतरलं ते ताबारेषा न ओलांडण्याच्या आदेशासह. दोन दिवसांत मिग-२१, मिग-२७ आणि एक एमआय-१७ हेलिकॉप्टर गमावलं. मग हेलिकॉप्टरं माऱ्यातून काढली, विमानं खांद्यावरच्या क्षेपणास्त्रांच्या टप्प्याबाहेर उंच नेली, मिराज विमानांवर लेझर बॉम्ब चढवले. पण ही बदलली ती लढण्याची रीत. रेषेचा नियम शेवटपर्यंत हलला नाही. बातम्यांत या दोहोंची सर्रास सरमिसळ होते.

आणि नियम 'सैल केले' म्हणावं. 'प्रतिबद्धतेचं शिथिलीकरण' ऐकलं की मी टीव्ही बंद करतो.