मेरीलँडच्या मॉन्टगोमरी काउंटीत मिडल स्कूलांमध्ये एवढी तफावत का? पोटोमॅक या श्रीमंत भागातच घर घ्यावं का?

सगळ्या शाळा एकाच काउंटीच्या, तरी घरांच्या साइटवर एका शाळेला नऊ आणि दुसरीला चार गुण, आणि मुलगी सहावीत जायची आहे, असा तुमचा प्रश्न. माझा मुलगा इथल्याच पब्लिक मिडल स्कूलमधून आठवी झाला, म्हणून लिहितो.

अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी गाव श्रीमंत तर शाळा श्रीमंत, कारण पैसा त्या गावच्या प्रॉपर्टी टॅक्समधून येतो. मेरीलँडमध्ये अख्ख्या काउंटीचा एकच शिक्षण विभाग असतो, त्यामुळे पोटोमॅकचा टॅक्स त्याच काउंटीतल्या गेथर्सबर्गच्या शाळेलाही पोचतो. वर 2021 च्या ‘ब्ल्यूप्रिंट’ कायद्याने फार गरीब वस्तीतल्या शाळांना जादा अनुदानही आहे.

तरी फरक उरतोच. शाळेला शिक्षक किती ते ठरवून मिळतात, किती मुरलेले ते नाही. नवखे अवघड शाळेत लागतात आणि जम बसला की बदली घेतात. शिवाय अ‍ॅक्टिव्हिटी बस, म्हणजे शाळा सुटल्यावर क्लबला थांबलेल्या मुलांना घरी सोडणारी बस. आईबाप दोघंही शिफ्टमध्ये असतील, तर ज्या दिवशी ही बस नाही त्या दिवशीचा मॅथ क्लब त्या मुलाला बंदच. पोटोमॅकला दारात गाडी उभी असते, आणि ती पुढे कुमॉनला, म्हणजे खासगी शिकवणीला जाते! त्या नऊ गुणांत कुमॉनचा वाटाही धरा.

स्टॅनफर्डच्या शॉन रिअर्डन यांनी देशभरातले तिसरी ते आठवीचे निकाल तपासले. सरासरी गुण घरच्या सांपत्तिक स्थितीप्रमाणे जातात, पण मुलं दरवर्षी किती पुढे सरकतात याचा तिच्याशी फारसा संबंध दिसत नाही. शिकागोत मुलं बहुतांशी गरीब घरची, तरी त्यांनी पाच वर्षांत सहा वर्षांची मजल मारली होती.

म्हणून राज्याच्या रिपोर्ट कार्डवर शाळेला दिलेले एकूण तारे सोडा, ‘प्रगती’चा रकाना बघा. गैरहजेरीही बघा: दहा टक्क्यांहून जास्त दिवस बुडवणारी मुलं खूप असतील, तर मी ती शाळा टाळेन. मग शाळेत फोन करून आठवीला अल्जिब्राचे किती वर्ग असतात ते विचारा. गणित-विज्ञानाचा नावाजलेला मॅग्नेट, म्हणजे निवडक मुलांसाठीचा खास अभ्यासक्रम, तर टाकोमा पार्कला आहे, पोटोमॅकला नाही.

मी असतो तर पोटोमॅकसाठी कर्ज वाढवलं नसतं. कुठेही घेतलंत तरी पत्ता काउंटीच्या साइटवर टाकून शाळा तपासा. हद्दी बदलतात, आणि एजंट जुनंच सांगतात.