फँटसी चित्रपटांत रूपकांमधून अर्थ नेमका कसा पोहोचतो?

माझ्या मते चांगल्या फँटसीत रूपक कुणी बोलून दाखवत नाही, ते त्या जगाचा नियम होऊन येतं. तो नियम पाळणाऱ्याचं आणि मोडणाऱ्याचं पुढे काय होतं, यातूनच अर्थ कळतो.

राही अनिल बर्वे यांचा २०१८ सालचा 'तुंबाड' घ्या. चित्रपट हिंदी, पण घर, वाडा, माणसं सगळी मराठी. (शेवट सांगतोय, पाहिला नसेल तर इथेच थांबा.) हस्तर हा समृद्धीच्या देवीचा थोरला मुलगा. त्याने सोनं बळकावलं, धान्यावर हात टाकणार तेवढ्यात बाकीच्या देवांनी त्याला अडवलं. म्हणून आज त्याच्याकडे सोनं भरपूर आहे आणि पोट मात्र रिकामं. चित्रपटाचा नायक विनायक दोर धरून देवीच्या गर्भात उतरतो. तिथल्या भिंती लाल, ओल्या, जिवंत मांसासारख्या. पिठाचं रिंगण आखून तो आत बसतो आणि कणकेची बाहुली काढतो. हस्तर भुकेने तिच्यावर तुटून पडतो आणि त्याच्या लंगोटातून मोहरा सांडतात. विनायक हाती लागतील तेवढ्या उचलतो आणि वर पळतो.

या व्यवहारात मला सगळा चित्रपट दिसतो. एक जण सोन्यावर बसून उपाशी, आणि दुसरा त्याच्या भुकेवर श्रीमंत होतोय. पुढे विनायक आणि त्याचा मुलगा ठरवतात की मोहरा वेचत बसण्यापेक्षा अख्खा लंगोटच पळवू. त्यासाठी ते ढीगभर बाहुल्या घेऊन उतरतात. मग जितक्या बाहुल्या, तितके हस्तर! इथे लोभाबद्दल एक अक्षरही बोलायची गरज पडत नाही. शेवटी शापित झालेला बाप लंगोट पुढे करतो आणि मुलगा तो घेत नाही, हेही त्यामुळेच आतवर लागतं. त्या लंगोटाची किंमत काय, हे तोवर आपण डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

जपानी दिग्दर्शक हायाओ मियाझाकींच्या 'स्पिरिटेड अवे' या अ‍ॅनिमेशनपटात (२००१) हेच फार हळुवारपणे होतं. देव आणि आत्मे जिथे अंघोळीला येतात अशा एका मोठ्या स्नानगृहात दुर्गंधी सुटलेला, चिखलाने लडबडलेला एक पाहुणा येतो. तिथे काम करणाऱ्या छोट्या चिहिरोच्या हाताला त्याच्या अंगात रुतलेलं काहीतरी लागतं. सगळे मिळून दोर बांधून ओढतात, तर सायकल निघते आणि तिच्यामागून कचऱ्याचा लोंढा. तो पाहुणा म्हणजे एक नदी असते.

म्हणून फँटसी पाहताना 'हे कशाचं प्रतीक?' असं लगेच विचारू नका. या जगात काय दिल्यावर काय मिळतं, ते आधी बघा.