शेजाऱ्यांचा सीसीटीव्ही आमच्या दारावर रोखलेला आहे. "लपवण्यासारखं काही नसेल तर भीती कशाला?" असं ते म्हणतात. मी उगाच मनाला लावून घेतोय का?

नाही, उगाच नाही. हे आधी सांगतो, बाकीचं नंतर.

मी बेळगावात चौदा वर्षं कॅमेरे बसवतोय. शहापूर, वडगाव, अनगोळ, टिळकवाडी आणि बोलावलं तर खानापूर-निपाणीपर्यंत जातो. घर यावरच चालतं, त्यामुळे कॅमेरा म्हणजे वाईटच असं मी म्हणणार नाही. मी बसवलेल्या कॅमेऱ्यांमुळे चोरीला गेलेल्या गाड्या सापडल्या आहेत, एका दुकानातला फुटलेला गल्ला कुणी फोडला तेही कळलं आहे. पण तुम्ही लिहिलंय तसा प्रसंग, म्हणजे बारा फुटांची गल्ली, समोरच्या भिंतीवर गेल्या महिन्यात बसलेला कॅमेरा, तो सरळ तुमच्या उंबऱ्यावर, आणि बोलायला गेलात तर वरचं उत्तर, हे मी शिडीवर उभा राहून इतक्या वेळा पाहिलंय की आता गप्प बसवत नाही.

आपल्याकडे एक गोष्ट हमखास ऐकू येते, "गल्लीत कुठला आला खासगीपणा? सगळ्यांना सगळं माहीत असतंय." खरं आहे. कट्ट्यावर बसलेली आजी कोण आलं, कोण गेलं, कुणाच्यात पाहुणे उतरलेत, सगळं सांगते. नवखा माणूस गल्लीत शिरला की "कुणाच्यात आलासा ओ?" हा प्रश्न ठरलेला. पण ती आजी तुम्हाला बघते तेव्हा तुम्हीही तिला बघता. तिचा डोळा लागतो. चार दिवसांनी ती विसरते. फारच लक्ष घालायला लागली तर तिच्याशी भांडता येतं, आणि दिवाळीला तिच्याच घरी फराळाचं ताटही जातं. कॅमेऱ्याशी यातलं काहीच होत नाही. तो विसरत नाही, आणि त्याच्या मागे या घडीला कोण बसलंय ते तुम्हाला कधीच कळत नाही.

आणखी एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. हल्लीचे कॅमेरे नुसतं साठवून ठेवत नाहीत. हालचाल दिसली की मालकाच्या फोनवर सूचना जाते. म्हणजे तुमचं दार उघडलं की समोरच्यांच्या खिशात फोन वाजतो. तुमची मुलगी क्लासला निघाली, वाजला. रात्री साडेअकराला कुणी घरी आलं, वाजला. बऱ्याच नव्या कॅमेऱ्यांत माईकही आत बसवलेलाच असतो. दारात उभं राहून तुम्ही बायकोशी पैशांचं बोललात तर तेही त्यात आलं. समोरच्यांच्या मनात काही वाईट नसेल, नसणारच बहुधा. पण ही सोय त्यांच्या हातात आली आणि तुम्हाला कुणी विचारलंही नाही, एवढ्यानं तुमची बाजू खरी ठरते.

वडगावातली एक गोष्ट सांगतो, कारण माझे डोळे तिथे उघडले. एका घरावर मी चार कॅमेरे बसवले. समोर विणकराचं जुनं घर. आत माग, बाहेर कट्टा, आणि त्या कट्ट्यावर रोज दुपारी तिथल्या आक्का चाकावर मागाच्या सुताच्या कांड्या भरत बसायच्या. सत्तरीच्या असतील. दोन महिन्यांनी हार्ड डिस्क बदलायला गेलो तर कट्टा रिकामा. चाकाचा आवाज आतून येत होता. मी सहज विचारलं, "आक्का, आत का बसलासा?" तर म्हणाल्या, "तसं काय नाही रे बाळ. पण सारखा पदर बघायला लागतोय. कोण तरी बघूलाय असं वाटतंय."

त्यांच्याकडे लपवण्यासारखं काय होतं? कांड्या. चाळीस वर्षं त्या ज्या जागी उजेडात बसल्या, ती जागा माझ्या एका स्क्रूनं गेली. आतल्या खोलीत दिवा लावून त्या काम करत होत्या. ना तक्रार, ना भांडण. म्हणून "लपवायचं काय आहे" हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. माणूस आपल्याला कुणी बघतंय म्हटल्यावर वेगळा वागतो, आणि हळूहळू वागायचं सोडूनच देतो. त्याला दोषी असावं लागत नाही.

त्याच दिवशी मी त्या कॅमेऱ्यांच्या घरमालकांना विचारून डीव्हीआरच्या, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या यंत्राच्या, मेनूत गेलो. त्यात 'प्रायव्हसी मास्क' म्हणून एक सोय असते. चित्रातला हवा तो भाग चौकोन काढून काळा करता येतो. तो भाग मग दिसतही नाही आणि साठतही नाही. पाच मिनिटांचं काम. मालकांचं दार, गाडी, पायऱ्या सगळं पूर्वीसारखं दिसत होतं, फक्त आक्कांचा कट्टा काळा. मी फोन घेऊन पलीकडे गेलो आणि त्यांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ त्या काळ्या चौकोनाकडे बघितलं, मग विचारलं, "रात्री पण असंच राहतंय का?" राहतं म्हटलं. ही सोय मला आधीपासून माहीत होती. वर्षानुवर्षं मी ती कुणाला सांगितली नव्हती, कारण कुणी विचारलं नव्हतं. याची मला आजही लाज वाटते.

दुसरी गोष्टही कबूल करतो. ग्राहक पासवर्ड विसरतात म्हणून मी ते माझ्या फोनमध्ये ठेवायचो. एक दिवस मोजले तर साठच्या वर घरं निघाली. साठ घरांची अंगणं, हॉल, काही ठिकाणी तर जेवणाची खोली, माझ्या खिशात. मी कधी उघडून बघितलं नाही, पण बघू शकत होतो आणि त्यांना कळलंही नसतं. फोन हरवला असता तर? त्या आठवड्यात एकेकाला फोन करून पासवर्ड बदलायला लावले आणि माझ्याकडचे काढून टाकले. तुमच्या समोरच्यांकडेही हे विचारा, बसवणाऱ्याकडे अजून पासवर्ड आहे का. कारण कॅमेरा त्यांचा असला तरी चित्र तुमचं आहे. गुजरातेत राजकोटच्या एका प्रसूतिगृहातलं बायकांच्या तपासणीचं चित्रीकरण बाहेर पडून विकलं जात असल्याचं फेब्रुवारी २०२५ मध्ये उघडकीला आलं. तपासात निघालं की सोपा, कारखान्यातून येतो तसाच ठेवलेला पासवर्ड हेच दार होतं. एप्रिल २०२५ पासून नव्या कॅमेऱ्यांना केंद्राची सुरक्षा तपासणी सक्तीची झाली, ते चांगलंच झालं. पण भिंतींवर आधीच बसलेले आहेत त्यांचं काय?

आता कायद्याचं. लोक म्हणतात, खासगीपणा ही शहरातल्या शिकलेल्यांची चैन आहे. मला त्यावर खडक सिंग आठवतो. उत्तर प्रदेशातला माणूस. १९४१ साली दरोड्याच्या प्रकरणात पकडला, पुरावा नाही म्हणून सुटला. तरी पोलिसांनी त्याच्या नावाची फाईल उघडली, आणि रात्री-अपरात्री शिपाई येऊन दार वाजवायचे, घरात आहे का बघायला. तो सर्वोच्च न्यायालयात गेला. १९६२ साली न्यायालयानं रात्रीची ती दारं वाजवणं रद्द केलं, पण खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं मानलं नाही. ते मानायला २४ ऑगस्ट २०१७ उजाडला. नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा घटनेनं दिलेला हक्क आहे. ज्यांच्या अर्जावरून हे झालं ते के. एस. पुट्टस्वामी आपल्याच राज्यातले, कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती. २०१२ साली अर्ज केला तेव्हा त्यांचं वय ८६ होतं. सीमाभागात आपले न्यायालयातले आणि सरकारशी असलेले वाद वेगळे आहेत, ते मी जाणतो. पण हा हक्क त्या माणसानं आपल्या सगळ्यांसाठी मिळवला आहे, मराठी असो वा कन्नड.

हे मी का सांगतोय? कारण गोष्ट तुमच्या दारापुरती राहिलेली नाही. बेळगाव केंद्राच्या स्मार्ट सिटी योजनेच्या पहिल्या वीस शहरांत आलं २०१६ साली, चौकाचौकांत कॅमेरे आले. १ नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापना दिवशी, सकाळी मराठी माणसांच्या काळ्या दिनाला काळे कपडे घालून सायकल फेरीला जाणारा आणि त्याच दिवशी लाल-पिवळं उपरणं घालून राज्योत्सवाच्या मिरवणुकीत नाचणारा, दोघेही एकाच खांबाखालून जातात. पूर्वी गर्दीत माणूस गर्दीचा असायचा. आता चेहरा ओळखणारी यंत्रणा असेल तर गर्दीतला एकेक चेहरा नावासकट वेगळा काढता येतो, आणि तो चेहरा काही पासवर्डसारखा बदलता येत नाही. उद्या एखादा पोरगा "नोकरीचा अर्ज टाकलाय, फेरीला येत नाही" म्हणाला तर त्याच्यावर कुणी बंदी घातलेली नसेल. तो आक्कांसारखाच आत जाऊन बसलेला असेल.

तुमच्या प्रश्नाकडे येतो. काय करता येईल?

पोलिसांपासून सुरुवात करू नका. एकाच गल्लीत जन्म काढायचाय. आणि कॅमेऱ्याला रंग फासणं, वायर तोडणं असलं काही अजिबात नको, मग गुन्हा तुमच्यावरच. घरी जा, चहा घ्या आणि एवढंच म्हणा, "मामा, तुमच्या फोनवर आमचं दार किती दिसतंय तेवढं दाखवा की." माझा अनुभव आहे, दहातली सात माणसं स्वतःच्या फोनवर शेजाऱ्याची न्हाणी नाहीतर खिडकी बघून ओशाळतात. त्यांनी ते कधी तुमच्या नजरेतून बघितलेलंच नसतं. मग मास्कचं सांगा. त्यांच्या सुरक्षेत काही कमी होत नाही हे मास्क लावून समोरच दाखवता येतं. माईक बंद करायला सांगा. सूचनांचा भागही फक्त त्यांच्या पायरीपुरता ठरवता येतो.

ऐकलं नाही तर गल्लीच्या पंचांकडे न्या. आपल्याकडे गणपतीपासून गटारांपर्यंत सगळं तिथे मिटतं, हेही मिटेल. तिथेही नाही झालं तर वकिलाकडून नोटीस आणि दिवाणी न्यायालयातून मनाई. कोलकाता उच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२५ मध्ये एकाच घरात राहणाऱ्या दोन भावांच्या वादात, दुसऱ्याच्या संमतीशिवाय राहत्या भागात लावलेले कॅमेरे चालू ठेवता येणार नाहीत असा निकाल दिला, आणि सर्वोच्च न्यायालयानं त्यात हात घातला नाही. तुमचं प्रकरण रस्त्यावरच्या कॅमेऱ्याचं आहे, हुबेहूब तसं नाही, पण वकिलाला तो निकाल दाखवा.

कॅमेऱ्यात न्हाणीघर किंवा झोपायच्या खोलीची खिडकी येत असेल तर मात्र थांबू नका. खासगी अवस्थेतल्या स्त्रीला चोरून बघणं किंवा चित्रित करणं हा भारतीय न्याय संहितेच्या ७७ व्या कलमाखाली गुन्हा आहे, पहिल्यांदाच सिद्ध झाला तरी एक ते तीन वर्षं कैद.

२०२३ चा नवा डेटा संरक्षण कायदा इथे उपयोगाचा नाही, कारण स्वतःच्या घरगुती कामासाठी केलेलं चित्रीकरण त्यातून वगळलंय. पण तो कायदा दुसरीकडे कामाला येईल. बँक, दुकान, ॲप तुमची माहिती घेताना जी सूचना देतात, ती इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या, म्हणजे मान्य भाषांच्या यादीतल्या, कुठल्याही भाषेत वाचायची सोय त्यांनी द्यायची आहे. मराठी त्यात आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, ही कलमं अठरा महिन्यांनी लागू व्हायची आहेत. इथे कागद कन्नडमध्ये, ॲप इंग्रजीत आणि माणूस मराठी, म्हणून न वाचताच 'मान्य' दाबायची आपल्याला सवय लागलीय. लागू झालं की मराठीत मागा.

समोरच्यांच्या कॅमेऱ्याचा डबा किंवा डीव्हीआरवरचं मॉडेल दिसलं तर खाली लिहा. मास्क कुठल्या मेनूत सापडेल ते सांगतो. ते राजी झाले आणि तुम्ही बेळगाव तालुक्यातच असाल तर रविवारी येऊन लावूनही देतो, पैसे नकोत.